जांबुवंतराव धोटे : सभागृहातला पेपरवेट, नागपूरची खासदारकी आणि मागे राहिलेलं

धंतोलीकर

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात आमच्या धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या बाजूने चालायलाही जागा नसते. परवा टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर मोर्च्यातले दोघं बसले होते, एक साठी ओलांडलेले, दुसरा विशीतला. पोराने विचारलं, आत आपल्यासाठी कोणी बोलणार आहे का? म्हातारे म्हणाले, "जांबुवंतराव असते त आतल्यायले बाहेर या लागलं असतं." पोरगा म्हणाला, "कोण जांबुवंतराव?"

मला ते फार लागलं. माणूस जाऊन काही शंभर वर्षं झालेली नाहीत. म्हणून हा धागा.

नव्या लोकांसाठी कारकीर्द थोडक्यात. जांबुवंतराव यवतमाळचे. साठच्या दशकात तिथूनच विधानसभेत गेले. सभागृहात अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि आमदारकी गेली. महाराष्ट्रात अशा कारणाने सदस्यत्व जाणारे ते पहिले. यवतमाळने त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९७१ ला फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून लोकसभेला उभे राहिले. त्या वर्षी इंदिराबाईंच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या. नागपूर मात्र जांबुवंतरावांनी घेतलं. पुढे ते इंदिराबाईंच्याच पक्षात आले आणि १९८० ला काँग्रेस (आय) चे खासदार झाले, तेही नागपुरातूनच. मग वेगळ्या विदर्भ राज्याच्या प्रश्नावर तोही पक्ष सुटला. २००२ मध्ये विदर्भ जनता काँग्रेस नावाचा स्वतःचा पक्ष काढला. १८ फेब्रुवारी २०१७ ला, शनिवारी, यवतमाळमध्ये गेले. इथे तेव्हा महापालिकेचा प्रचार शेवटच्या टप्प्यात होता, मंगळवारी मतदान. आमच्या गल्लीत भोंगे चालू होते आणि त्यातच बातमी आली. भोंगे काही थांबले नाहीत.

आमदाराची कारकीर्द मोजताना आपण दोनच मापं लावतो. किती वेळा निवडून आला आणि मंत्री झाला का. जांबुवंतराव मंत्री झाले नाहीत आणि निवडणुका ते जिंकले तशा हरलेही. तरी सहा दशकांनंतर चहाच्या टपरीवर त्यांचं नाव निघतं. हे कशामुळे, ते मला समजून घ्यायचं आहे. ज्यांनी पाहिलं, ऐकलं, ज्यांचा विरोध होता, सगळ्यांनी लिहावं. नुसते हार घालू नका एवढीच विनंती.

वऱ्हाडी_मास्तर

धंतोलीकर, धागा काढला हे लय चांगलं केलं. म्या जांबुवंतराव भाऊले पाह्यलं हाय. १९७१ चा परचार. मी तवा कालेजात होतो. फॉरवर्ड ब्लॉकचं चिन्ह सिंह. आमी पोट्टे रातभर गेरू घेऊन भितीवर सिंह काढाचो. मले चित्र काढता येत नव्हतं, माह्या सिंहाले लोक कुत्रं म्हनत, म्हनून मले आयाळ रंगवाचं काम दिलं. पैसे नाई, जेवन नाई. चना-मुरमुरे खाऊन सकाळी घरी जाचो अन् बावाजीच्या शिव्या खाचो. बावाजी पक्के काँग्रेसवाले.

महाल भागात सभा होती. भाऊ बोलाले उभे राह्यले तं पयले पाच मिनिटं काहीच बोलले नाई. नुसते लोकायकडं पाहून राह्यले होते. ते दाढी, ते केस. गर्दी आपोआप शांत झाली. मंग आवाज निंघाला. आमच्या बावाजीनं आयुष्यात पंजाशिवाय... चुकलो, पंजा मंग आला, तवापर्यंत बैलजोडी होती... तं बैलजोडीशिवाय कशावर शिक्का मारला नव्हता. त्या साली त्यायनं कोठी मारला थे घरात कोनाले सांगतलं नाई. मायले मात्र समजलं होतं.

थो मानूस आपल्यासाठी जेलात जाते, येवढंच लोकायले मालूम होतं. बाकी पक्षबिक्ष कोनी पाह्यला नाई.

मेघना_र

मी १९९२ चा जन्म. जांबुवंतरावांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या निधनाच्या बातमीत, म्हणजे त्या टपरीवरच्या पोरासारखीच मी. म्हणून सरळ विचारते, कोणी रागावू नये.

पेपरवेट फेकणं हे कर्तृत्व कसं? आज एखाद्या आमदाराने माईक तोडला तर आपण त्याला दोन शब्द सुनावतो. मग तेव्हाचं ते शौर्य का? दुसरं, ज्या पक्षाविरुद्ध गेरूने भिंती रंगवल्या त्याच पक्षाच्या तिकिटावर नऊ वर्षांनी त्याच शहरात निवडून येणं, याला आज आपण काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तिसरं, वेगळा विदर्भ झाला का? नाही झाला. मग उरलं काय?

धंतोलीकर

मेघनाताई, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पेपरवेटचं समर्थन मी करणार नाही. अध्यक्षांच्या आसनाकडे वस्तू फेकणं चूकच. सभागृहाने शिक्षा केली, तीही योग्यच. पण शिक्षेनंतर काय झालं तेही बघा. मतदारांनी त्यांना परत पाठवलं. ते फेकण्याला दिलेलं मत नव्हतं, असं मला वाटतं. आपलं कोणी ऐकत नाही ही त्या लोकांची तक्रार इतकी खोल होती की तिच्यापायी बाहेर काढलेला माणूस त्यांना आपला वाटला.

नागपूरचं मन समजायला आणखी एक निकाल सांगतो. १९६२ ला नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं, तेही विदर्भाच्याच प्रश्नावर. बापूजी वणीचे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलेच. १९६७ ला जागा काँग्रेसकडे गेली आणि १९७१ ला पुन्हा यवतमाळचाच माणूस. नऊ वर्षांत दोनदा या शहराने आपल्या गल्लीतला उमेदवार सोडून दीडशे किलोमीटरवरचा माणूस निवडला. जातीचं, पक्षाचं गणित मांडून हे उलगडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मास्तरांनी द्यावं. त्यांनी भिंती रंगवल्या आहेत.

अकोला_कृषी

"उरलं काय" याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी स्वतः.

मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी पदवी घेतली. दर्यापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठ अकोल्याऐवजी नगर जिल्ह्यात एकच राहिलं असतं तर मी गेलो नसतो, हे मी शपथेवर सांगतो. बसभाडंच परवडलं नसतं.

आता इतिहास. राज्याचं कृषी विद्यापीठ १९६८ ला राहुरीला झालं. विदर्भाचं म्हणणं होतं की कापूस आमचा, ज्वारी आमची, संत्रं आमचं, देशाचे कृषिमंत्री राहिलेले भाऊसाहेब पंजाबराव देशमुख आमचे, मग विद्यापीठ अकोल्याला का नाही? त्यावर आंदोलन पेटलं. जांबुवंतराव त्यात पुढे होते. बंद झाले, जाळपोळ झाली, गोळीबार झाला, माणसं गेली. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ सुरू झालं. त्यानंतर १९७२ ला परभणी आणि दापोली. म्हणजे विदर्भात पेटलेल्या आंदोलनाने मराठवाडा आणि कोकणालाही वाट करून दिली, हे आपण विसरतो.

नागपूरकरांसाठी खास सांगतो. महाराजबागेला लागून असलेलं तुमचं कृषी महाविद्यालय १९०६ चं, इंग्रजांच्या काळातलं. तेही आज अकोल्याच्याच विद्यापीठाखाली आहे. आमच्या घरी दोन पिढ्यांनी पीकेव्ही-रजत, म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठाचा कापूस, पेरला. पाकिटावरच्या त्या तीन अक्षरांमागे काय घडलं होतं, हे मला पदवी हातात येईपर्यंत कोणी सांगितलं नाही. कॉलेजातही नाही.

जे गेले त्यांची नावं मला तोंडपाठ नाहीत, याची लाज वाटते. त्यांच्या जिवावर मी शिकलो. त्यामुळे जांबुवंतरावांबद्दल बोलताना मला तटस्थ राहता येत नाही आणि राहायचंही नाही.

मेघना_र

अकोला_कृषी, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. माझा तिसरा प्रश्न मागे घेते. पहिले दोन अजून आहेत.

पाण्याचा_हिशोब

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. मला या चर्चेत आणखी एका विधिमंडळ सदस्याला आणायचं आहे. त्याशिवाय चित्र अर्धं राहतं. प्रा. बी. टी. देशमुख. अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत तीस वर्षं, १९८० ते २०१०. नुटाचे, म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाचे नेते. ज्या वर्षी जांबुवंतराव दुसऱ्यांदा खासदार झाले त्याच वर्षी बी. टी. सर परिषदेत आले.

जांबुवंतरावांनी रस्ता पेटवला. बी. टी. सरांनी आकडा धरला. अनुशेष हा शब्द आज विदर्भातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी आहे, पण तो नुसता रडण्याचा शब्द नव्हे, त्यामागे रीतसर गणित आहे. १९८३ ला दांडेकर समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य असं एकेक क्षेत्र घेतलं. राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती रुपये लागतील ते मोजलं. त्याची बेरीज म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालात राज्याची बेरीज ३,१८७ कोटींच्या घरात होती आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के. दहा-बारा वर्षांनी निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजलं तेव्हा बेरीज १४,००० कोटींवर गेली. मधल्या काळात पैसे आलेच नाहीत असं नाही, पण दरी भरायच्या वेगापेक्षा पुढचे जास्त वेगाने पुढे गेले.

१ मे १९९४ पासून घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली. निधीवाटपाबाबत राज्यपालांना निर्देश देता येऊ लागले. २००१ च्या डिसेंबरमधले राज्यपाल अलेक्झांडर यांचे निर्देश आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ होते. नेमके याच ठिकाणी बी. टी. सर कामी येत. निर्देश काय होते, अर्थसंकल्पात तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती आणि कुठल्या विभागात, हे ते सभागृहात मांडत. मंत्र्यांना आकडा खोडता येत नसे. अधिवेशन जवळ आलं की आमच्या कार्यालयात एकच प्रश्न असायचा, सरांनी कोणता मुद्दा दिलाय? फायली रात्री दहा-दहापर्यंत उघड्या असायच्या. एका माणसाच्या वाचनाची एवढी जरब मी नोकरीत दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.

आणि तरी गोसेखुर्द सिंचन प्रकल्प बघा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ किंमत ३७२ कोटी. अडीच लाख हेक्टरचं स्वप्न. २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला. माझी उभी नोकरी गेली, शेवटच्या कालव्याचं पाणी मी पाहिलं नाही. मी त्या खात्यातला होतो, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

अधिवेशन_ड्यूटी

मीही निवृत्त. पंचवीसेक हिवाळी अधिवेशनांत सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात ड्यूटी केली. कागद नेणं-आणणं, याद्या वाटणं, असलंच काम. पण ऐकायला मिळालं भरपूर.

मेघनाताईंच्या पहिल्या प्रश्नाला धरून लिहितो. आमदाराच्या हातात पेपरवेटशिवाय काय असतं, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही. सकाळी प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. मग लक्षवेधी. अर्धा तास चर्चा. औचित्याचा मुद्दा. विधानसभेत नियम २९३ खाली आणि परिषदेत २६० खाली लांब चर्चा. स्थगन प्रस्ताव मान्य होवो न होवो, तो मांडताना चार वाक्यं बोलून घेता येतात आणि ती कामकाजात उतरतात. ही सगळी शस्त्रंच आहेत. ती चालवायला वाचावं लागतं. मार्शलला बाहेर काढायला लावणं त्या मानाने सोपं.

एक प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. पूर्व विदर्भातला पहिल्यांदा निवडून आलेला आमदार. साधा माणूस, बोलताना अडखळायचा. त्याच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल त्याचा प्रश्न होता. छापील उत्तर आलं, इमारत पूर्ण. इतर कोणी असता तर बसला असता. याने मागच्या अधिवेशनातलं उत्तर सोबत आणलं होतं, घडी करून सदऱ्याच्या खिशात. त्यात लिहिलं होतं, जागा ताब्यात आली नाही. तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, अध्यक्ष महाराज, आठ महिन्यांपूर्वी जागा नव्हती आणि आज इमारत पूर्ण, मी काल त्या जागेवर होतो, तिथे तूर उभी आहे. सभागृह गप्प. मंत्र्यांनी प्रश्न राखून ठेवायची विनंती केली. केंद्र झालं पुढे, मी चौकशी केली होती. तो पुढची निवडणूक हरला. कोणी त्याच्यावर धागा काढणार नाही. गॅलरीच्या दाराशी उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला होता, एवढं आठवतं.

म्हणून माझं मत धंतोलीकरांपेक्षा थोडं वेगळं आहे. जांबुवंतरावांचं नाव टपरीवर निघतं हे खरं. पण त्या आमदाराचं नाव निघत नाही, यात आपला दोष आहे. आपण सभागृह पाहतच नाही. दारावरचा मोर्चा पाहतो.

हिवाळी अधिवेशन नागपुरात का भरतं, हेही आता लोक विसरले. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. त्यात लिहिलं आहे की सरकार ठराविक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन दरवर्षी इथे होईल. त्यानंतर १९५५ ला फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. १९५६ ला नागपूरची राजधानी गेली. १९६० पासून हे अधिवेशन आलं. ते राजधानीच्या बदल्यात मिळालेलं वचन आहे. सहल म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांचा मला राग येतो.

धंतोलीकर

अधिवेशन_ड्यूटी, तुमच्या प्रसंगाने मला गप्प केलं. तूर उभी आहे, हे वाक्य डोक्यातून जात नाही.

मोर्च्याबद्दल मात्र एक गोष्ट. दारावरचा मोर्चाही सभागृहाचाच भाग आहे, निदान नागपुरात तरी. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव आपली मागणी घेऊन इथे आले होते. आत कोणी वेळेवर बाहेर येऊन बोललं असतं तर ११४ माणसं चेंगरून मेली नसती, बाया आणि लेकरं त्यात जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला शहीद गोवारी नाव दिलं, पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. त्या टपरीवरचे म्हातारे "आतल्यायले बाहेर या लागलं असतं" म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. आतला माणूस बाहेर येणं ही इथे जीवनमरणाची गोष्ट ठरलेली आहे. जांबुवंतराव आत असतानाही बाहेरचे होते. त्यांची ताकद तीच होती आणि त्यांना सभागृहात टिकता आलं नाही तेही त्याचमुळे.

वऱ्हाडी_मास्तर

आता मेघनाताईच्या दुसऱ्या प्रश्नावर. भाऊ इंदिराबाईकडं गेले तवा मले लय वाईट वाटलं होतं. माह्या हाताले गेरू लागला होता ना. चार दिवस मी पेपर हाती घेतला नाई.

पन त्या टायमाचा विदर्भ समजून घ्या. १९७७ ले सारा देश बाईवर उलटला, विदर्भ नाई उलटला. १९७८ च्या जानेवारीत बाईनं नवा पक्ष काढला अन् फेब्रुवारीत विधानसभा. काँग्रेस (आय) ले राज्यात ६२ जागा आल्या, त्यातल्या बहुतेक साऱ्या आपल्याइकडच्या. नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे पयले. म्हंजे मुंबईच्या पुढाऱ्यायच्या काँग्रेसले पाडाचं असन तं बाईच्या काँग्रेसचं हत्यार हाती होतं. लहान राज्याची गोष्ट दिल्ली करन, मुंबई करनार नाई, असा लोकायचा हिशेब होता. भाऊचाही तोच असन असं मले वाटते.

हिशेब चुकला. बाईनं विदर्भ देला नाई. भाऊ बाहेर पडले. १९८४ ले नागपूरची जागा बनवारीलाल पुरोहितायले भेटली. भाऊच्या हाती ना पक्ष राह्यला ना सिंह राह्यला. हे चूक होती हे मी कबूल करतो ताई. पन खुर्चीसाठी गेले नाई. खुर्चीसाठी गेले असते तं मंत्री होऊन मेले असते.

मेघना_र

मास्तर काका, तुमचं उत्तर पटलं असं म्हणणार नाही, पण समजलं. चूक होती असं त्यांच्याच माणसाने म्हणावं, हे मी आजकाल फार कमी ऐकते.

माझा अडसर वेगळाच आहे आता. जांबुवंतरावांनी एवढी माणसं उभी केली, रात्रभर गेरू घेऊन फिरणारी. ती नंतर कुठे गेली? पक्ष २००२ ला निघाला तेव्हा ती पन्नाशीला आली असणार. मधल्या वीस वर्षांत शाखा नाही, वर्ग नाही, कोणी पुढचा तयार नाही. बी. टी. सरांचंही तसंच दिसतं. २०१० ला ते हरले आणि परिषदेत तो हिशोब मांडणारा त्या तोडीचा माणूस मला तरी दिसत नाही. विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा सगळे कोरोनात होतो. माझ्या ओळखीच्या एकालाही त्या दिवशी काही संपलं हे कळलं नाही. मलाही नाही. मी आत्ता या धाग्यामुळे शोधलं.

पाण्याचा_हिशोब

मेघनाताई, बरोबर बोट ठेवलंत. त्या दिवशी मी घरात एकटाच हळहळलो. कोणाला फोन करावा तेही सुचेना. मंडळ नाही म्हणजे राज्यपालांच्या निर्देशांचा आधारच सैल झाला. बी. टी. सरांचा हिशोब पुढे चालवायचा तर पदवीधरांनी आपल्या आमदाराला विचारावं लागेल. पदवीधर मतदारसंघ आहे कशासाठी? पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्या माणसाने नाव नोंदवायचं, पसंतीक्रमाने मत द्यायचं, सहा वर्षांसाठी माणूस पाठवायचा. तुम्ही नोंदवलंय का नाव? माझ्या तिन्ही मुलांनी नोंदवलं नव्हतं. मीच अर्ज भरून घेतले.

मेघना_र

नाही नोंदवलं. पुढच्या नोंदणीला नोंदवते.

अकोला_कृषी

मेघनाताई, माणसं कुठे गेली म्हणता, तर काही आमच्यासारखी शेतीत गेली, काही मास्तर झाली. आमच्या गावात एक काका होते, कृषी विद्यापीठाच्या आंदोलनात त्यांच्या पायाला मार लागला होता, लंगडत चालायचे. मी अकोल्याला प्रवेश घेतला त्या दिवशी ते घरी आले, माझ्या हातात पन्नासची नोट ठेवली आणि काही न बोलता गेले. मला वाटलं शेजारधर्म. आंदोलनाचं मला वडिलांनी सांगितलं, काका गेल्यानंतर. संघटना उरली नाही, हे खरं. पण ती पन्नासची नोट माझ्याकडे आहे.

अधिवेशन_ड्यूटी

एक काम सुचवतो. विधिमंडळाचे जुने वादविवाद संकेतस्थळावर टाकलेले आहेत. छपाई फिकट आहे, शोधायला त्रास होतो, पण वाचता येतात. साठच्या दशकातली जांबुवंतरावांची भाषणं काढू. पेपरवेटचीच गोष्ट सगळे सांगतात. त्याआधी आणि त्यानंतर ते कशावर बोलले, कोणते प्रश्न विचारले, हे एकदा बसून वाचलं पाहिजे. कृषी विद्यापीठावरची चर्चाही सापडेल. बी. टी. सरांची तर इतकी आहेत की महिना पुरणार नाही. मला याद्यांची सवय आहे, कोणत्या खंडात काय असतं ते सांगू शकतो. डोळे मात्र आता साथ देत नाहीत.

धंतोलीकर

माझ्याकडे या. शनिवारी अकरा वाजता. मोठ्या टीव्हीवर लावू म्हणजे अक्षर मोठं दिसेल. मेघनाताई, तुम्ही वाचाल का मोठ्याने? अकोला_कृषी, तुम्ही लांब आहात, फोनवर जोडून घेऊ. १९६८ पासून सुरुवात करू या.

मेघना_र

येते. वही घेऊन येते.

वऱ्हाडी_मास्तर

मीही येतो. मोरभवनावर उतरून पायीच येतो, शनिवारी मोर्चे नसतात. माह्याजवळ त्या सभेचं एक हँडबिल हाय, १९७१ चं. मायनं टरंकात ठेवलं होतं, बावाजीपासून लपवून. घडीवर फाटलं हाय, पन सिंह दिसते.